बुजली आणि बुजवली

पास्कू मिस्त्रींची बस मी पहिल्यांदा पाहिली ती पाण्यावर. खोटं वाटेल, पण वसईच्या खाडीवर तेव्हा गाडी जाईल असा पूल नव्हता, आणि मुंबईत मोडीत काढलेली ती लाल बस वटारच्या नानाशेटनी घेऊन पल्याडच्या धक्क्यावर उभी करून ठेवली होती. नानाशेट म्हणजे केळी आणि पानवेलींचे मोठे बागायतदार. त्यांना विरार स्टेशनपासून वटारपर्यंत गाडी चालवायची होती, कारण सरकारी गाड्या अजून आमच्याकडे पोचल्या नव्हत्या आणि टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायांना टांगेवाले उभं करत नव्हते. माझा बाप किनाऱ्यावर होड्या बांधायचा. त्याने दोन पडाव एकमेकांना आवळले, वर ताडाचे ओंडके आडवे टाकले आणि भरतीच्या पाण्यावर ती गाडी अल्याड आणली. तिच्या कपाळावर मुंबईतल्या कुठल्याशा नाक्याचं नाव तसंच होतं. अख्खा कोळीवाडा किनाऱ्यावर जमला. "बस्त्याव, पुढची गाडी कवा सुटनार?" "आरं बस्त्याव, पापलेटाला तिकीट लागंल का?" बस्त्याव म्हणजे मी. विशीतला, अंगात रग, आणि लाकडाचं आपल्याला सगळं कळतं अशी खात्री.

गाडीत शेवटच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. डोळे मिटलेले, दोन्ही हातांनी पुढचा दांडा गच्च धरलेला, तोंडाने रोजरीची प्रार्थना चाललेली. गाळात टेकल्यावर त्याने एक डोळा उघडला आणि मला म्हणाला, "तीस वर्षं बसा बांधल्या, बाबा. पण बशीत बसून बुडायची वेळ आज पहिल्यांदा आली." हे पास्कू मिस्त्री. मुंबईला गाड्यांच्या कारखान्यात लाकडी सांगाडे बांधून त्यांची उमर गेली होती. डोळे अधू झाले तसे ते गावी वटारला परत आले. जुन्या गाड्या नीट करून रस्त्यावर आणायची कल्पना त्यांचीच, नानाशेट फक्त 'हो' म्हणाले. गाडी उतरवताना मी ओंडके कसे सरकवतो ते मिस्त्री बघत होते. बापाला म्हणाले, "हा पोरगा मला दे." बाप म्हणाला, "घेऊन जावा. हात चांगला हाय. तोंड जरा जास्त हाय." बापाने सांगितलं त्यातलं अर्धंच खरं निघालं. जिथे तोंड उघडायला पाहिजे होतं तिथे माझं तोंड उघडलंच नाही. पण ते पुढे.

मी वटारला मिस्त्रींच्या घरीच राहायला गेलो. आमच्या घरी मासळीचा वास आणि वाऱ्याचा आवाज. इथे बागेचा ओला गारवा आणि पहाटेपासून रहाटाची कुरकुर. बैल थांबला की आवाज थांबायचा आणि घरातलं कोणीतरी लगेच ओरडायचं, "अरे, हाक त्याला!" त्या कुरकुरीची एवढी सवय झाली की रविवारी रहाट बंद असला की मला झोपच यायची नाही. मिस्त्रींची बायको मार्थामावशी. तिच्या हातची तांदळाची भाकरी इतकी पातळ की मी तिला चिडवायचो, मावशी, यातून पलीकडचं देऊळ दिसतं. देऊळ म्हणजे आमचं चर्च. ती म्हणायची, "दिसतं ना? मग क्रूस कर आणि खा." भाकरीबरोबर सुक्या बोंबलाचं कालवण, आणि उन्हाळ्यात मांडवावर सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी. केळीच्या सोपट्यात, खोडाच्या सालीत, बांधलेली सुकेळी मी कामावर खिशात घालून न्यायचो आणि मग पटाशी, हातोडी, सगळं चिकट. आणि कातू. कातरिना, मिस्त्रींची एकुलती एक मुलगी. गाडीच्या बाकांत काथ्या भरून वर रेक्झिन शिवायचं काम तिच्याकडे. तोंडात सुया धरून ती माझी बोली दुरुस्त करायची. मी म्हणायचो, "कोन आलंय?" ती सुया न काढता म्हणायची, "कोन नाही रे, कोण. नाकातून नको, जिभेने बोल." मी मुद्दाम दिवसातून दहा वेळा विचारायचो, कोन आलंय, कोन आलंय. मिस्त्री दुरून म्हणायचे, "अरे, ज्याला यायचं त्याला येऊ दे, तू रंधा मार." वर्षभरात आमचं ठरलं. म्हणजे आम्ही ठरवलं, मग मार्थामावशीला कळलं, मग फादरना, आणि सगळ्यात शेवटी मिस्त्रींना.

काम चालायचं नानाशेटच्या वाडीत, एका मोठ्या चिंचेखाली पत्र्याची शेड होती तिथे. होडी बांधताना आम्ही नवं लाकूड घेतो आणि आपल्या मनाने घडवतो. मिस्त्रींची रीत वेगळी. ते आधी काहीच करायचे नाहीत. दोन दिवस नुसते गाडीभोवती फिरायचे, सांगाड्याला हात लावायचे, बोटांनी सांधे चाचपायचे, कारण डोळ्यांनी जवळचं दिसत नव्हतं. मग एकेक पत्रा उतरवायचा, एकेक स्क्रू त्याच्याच भोकाजवळ चिंधीत बांधून ठेवायचा. कुजलेला भाग तेवढाच कापायचा आणि त्याच्या मापाचं सागवान बसवायचं. मी कुठे म्हणालो, मिस्त्री, इथे जरा जाड पट्टी टाकली तर? की ते म्हणायचे, "ज्याने पहिल्यांदा केलं तो गाढव होता का? जसं होतं तसं." दिवसातून वीस वेळा, जसं होतं तसं. पण का तसं होतं, हे ते सांगायचे नाहीत. कारखान्यात त्यांनाही कोणी सांगितलं नसेल. शेडमागे आणखी एक गाडी होती, फार जुनी, आणि तिचं इंजिनसुद्धा नव्हतं. ती मिस्त्रींनी स्वतः जवानीत बांधलेल्यांपैकी. तिचा आतला पत्रा उतरवला तर लाकडावर पेन्सिलीने नावं होती, बांधणाऱ्या सगळ्यांची. कोणी मराठीत, कोणी गुजरातीत, कोणी उर्दूत, आणि मिस्त्रींचं रोमी लिपीत, वाकडं. ती गाडी त्यांना चालवायची नव्हती. "ही ठेवायची," म्हणायचे. नानाशेट हसायचे, "मिस्त्री, म्हातारीला ठेवतात घरात. बस कोण ठेवतं?" मिस्त्री म्हणायचे, "शेट, म्हातारी तरी बोलून दाखवते, मी कोण होते. हिला कोण बोलायला देणार?"

पाण्यावरून आणलेली लाल गाडी पाऊसकाळाच्या तोंडाशी तयार झाली. रंगाचा शेवटचा हात राहिला होता. मिस्त्री दिव्यांच्या काचा आणायला मुंबईला गेले होते, आणि मावशी, कातू शेजारच्या गावी बारशाला. मी एकटाच गाडीखाली आडवा पडून तळाची पट्टी घासत होतो. या पट्टीवर सगळ्या भिंती उभ्या असतात. तर त्या पट्टीला मला भोकं दिसली. एका बाजूला चौदा, दुसऱ्या बाजूला चौदा, करंगळी जाईल एवढी, तिरकी. आज मला माहीत आहे ती कशासाठी. त्या गाड्यांच्या काचा खाली सरकून भिंतीच्या पोटात जायच्या. पाऊस काचेवरून ओघळून त्याच पोटात उतरायचा आणि त्या भोकांतून खाली रस्त्यावर पडायचा. पाणी आत येणारच, हे ज्याने गाडी बांधली त्याने धरलंच होतं, म्हणून त्याने जायची वाट ठेवली होती. पण मी होडीवाल्याचा पोर. आम्हाला जन्मापासून एकच शिकवण: लाकडात भोक दिसलं की बुजव. होडीच्या तळाला एक भोक राहिलं तर माणसं मरतात. मला वाटलं, मिस्त्रींना दिसत नाही, त्यांच्याकडून राहून गेली. वाटलं, आपण बुजवू, पहिल्या पावसात गाडी कोरडीठाक राहील, आणि मग हळूच सांगू. कातूसमोर सांगू. मी घरून आणलेलं सूत काढलं, तेलात भिजवलं, अठ्ठावीस भोकांत ठोकून ठोकून भरलं, वर राळ ओतली, मुशी माशाच्या तेलाचा हात दिला आणि रंग मारला. माझ्या बापाने बघितलं असतं तर पाठ थोपटली असती. इतकं सुंदर काम मी पुढे आयुष्यात केलं नाही.

गाडी रस्त्यावर आली तेव्हा फादरनी पवित्र पाणी शिंपडलं आणि नानाशेटच्या बायकोने नारळ फोडला. केळीवाल्या, भाजीवाल्या, फुलवाल्या माळिणी, शाळेचे मास्तर, सगळे तिच्यातून जायचे. पहिल्या पावसात भोकांतून थेंब पडला नाही. मिस्त्री म्हणाले, "काचा चांगल्या बसल्या." मी म्हणालो, हो. तेव्हाच सांगायचं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर एक शिवी बसली असती, पट्टी पुन्हा कोरली असती आणि विषय संपला असता. पण ते इतके खूश होते, आणि श्रेय काचांना दिलं त्याचा मला रागही आला होता. माणूस किती बारीक गोष्टीवरून गप्प बसतो! दुसऱ्या पावसाळ्यात गाडीला वास यायला लागला. आंबूस, पेजेचं भांडं झाकून विसरल्यासारखा. कंडक्टर म्हणाला, कोणीतरी मासळी सांडली. मिस्त्री एका बाकावर बसून नुसते हुंगत राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "खालची भोकं मोकळी आहेत ना? मला वाकता येत नाही, तू बघ." त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की ती भोकं ठेवलेली होती. आमच्या लग्नाची पहिली हाक, म्हणजे कोणाची हरकत आहे का हे विचारणारी सूचना, त्याच महिन्यात देवळात दिली जाणार होती. मी गाडीखाली गेलो, उताणा पडून राहिलो. माझ्या नाकासमोर चौदा गोल रंगलेले ठिपके. पटाशी हातात होती. पण एक उपटलं असतं तर रंग उडाला असता, सूत दिसलं असतं, आणि सूत-राळ हे कोणाच्या हातचं ते गावातल्या पोरानेही सांगितलं असतं. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "मोकळी आहेत." लग्न उरकू दे, मग काढू. लग्न पुढे गेलं, कातूची आजी वारली म्हणून. मग आणखी पुढे. आणि गाडी रोज भरून जात होती.

तिसऱ्या पावसाळ्यात, श्रावण संपता संपता, सकाळच्या फेरीला विरारकडे जाताना वळणावर गाडी एका अंगाला कलली आणि डाव्या बाजूची भिंत तळापासून सुटली. वरचा पत्रा धरून राहिला म्हणून सगळी माणसं पडली नाहीत. एकटी भागीबाय माळीण पडली, फुलांच्या टोपलीसकट, आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. ती जगली, पण सरळ चालली नाही पुन्हा. गाडी बैल लावून वाडीत ओढून आणली. नानाशेटच्या अंगणात पन्नास माणसं जमली. भागीबायचा मुलगा मिस्त्रींच्या अंगावर धावून गेला, त्याला धरावं लागलं. नानाशेट वाईट माणूस नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "मिस्त्री, तुम्ही म्हणत होता जसं होतं तसं. मग हे कुजलं कसं? मुंबईत वीस वर्षं चालली ती गाडी, आणि तुमच्या हातून निघाल्यावर तीन वर्षांत?"

मिस्त्री जमिनीवर बसले. पट्टीवरून बोटं फिरवत गेले. लाकूड खजुरासारखं दाबलं जात होतं. मग त्यांचं बोट एका भोकाशी थांबलं. त्यांनी नखाने रंग काढला, आत बोट घातलं आणि बाहेर सुताची गुंडाळी आली, राळेने काळी झालेली. ती त्यांनी नाकाशी नेली. मुशीचं तेल दहा वर्षांनीही लपत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, तोवर त्यांना दूरचंही अंधूक झालं होतं, मी असेन असं वाटलं तिकडे पाहिलं. "बस्त्याव," म्हणाले, "ही भोकं?"

मी म्हणालो, "बुजली असतील, मिस्त्री. चिखलाने."

"बुजली?"

"बुजली."

एवढंच. बुजवली म्हणायला एक अक्षर जास्त लागतं. मी चौथी शिकलेला माणूस, पण त्या दिवशी मला व्याकरण अगदी बरोबर आलं. बुजवली म्हटलं की कोणी, हे सांगावं लागतं. बुजली म्हटलं की कोणीच नाही. चिखल, पाऊस, देवाची करणी. मिस्त्रींनी मूठ मिटली. सूत आतच राहिलं. कातू ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिच्याकडे तोंड करून, पण नानाशेटना उत्तर म्हणून ते म्हणाले, "शेट, माझ्या नजरेतून सुटलं. डोळे गेले, तेव्हा काम सोडायला पाहिजे होतं." गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "आंधळ्याच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार?" आणि लोक हसले. मीही मान खाली घालून उभा होतो. त्या हसण्यात माझा आवाज नव्हता, एवढंच मी माझ्या बाजूने सांगू शकतो, आणि ते काही फार नाही.

मिस्त्रींनी पुन्हा रंध्याला, पटाशीला हात लावला नाही. लोक साधा दरवाजासुद्धा त्यांच्याकडून करून घ्यायचे बंद झाले. वटारमध्ये कुजक्या लाकडाला 'पास्कूचं सागवान' म्हणायला लागले, आणि ते मार्थामावशीच्या कानावर पडायचं. ती देवळात मिसेला पुढच्या बाकावर बसायची, ती दाराजवळ बसायला लागली. लाल गाडीचं इंजिन नानाशेटनी विकलं आणि लाकूड पावाच्या भट्टीला दिलं. त्याबरोबर शेडमागची ती जुनी, ठेवायची गाडीसुद्धा. मिस्त्रींनी नाही म्हटलं नाही. भट्टीवाल्याची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली त्या दुपारी मी तिथे होतो. पेन्सिलीच्या नावांची ती लांब पट्टी मी उचलून बाजूला ठेवली असती तर कोणी अडवलं नसतं. पण मला वाटलं, मी ती ठेवली तर लोक विचारतील, तुला एवढी कसली कळकळ? तेव्हा मी तीही जाऊ दिली. मिस्त्री त्यानंतर चार वर्षं होते. दुसऱ्यांच्या बागेत रहाटावर बसून बैल हाकायचे. आमचं लग्न झालं, आणि मला जावई म्हणून त्यांनी कधी काही कमी केलं नाही. जेवताना माशाचा मधला तुकडा माझ्याच ताटात. एकदासुद्धा त्यांनी ती गोष्ट काढली नाही, आणि ते रोज माझ्यासाठी ती गिळत होते हे मला रोज दिसत होतं. मरताना त्यांनी माझा हात धरला होता. लोक म्हणाले, जावयावर किती जीव.

आता ती वाडी नाही. चिंच होती तिथे सात मजल्यांची इमारत आहे आणि खालून महापालिकेच्या गाड्या जातात, काचा कधी सरकत नाहीत अशा. मिस्त्रींना ओळखणारं कोणी राहिलेलं नाही, आणि भागीबायच्या नातवालाही आजी लंगडत का होती ते ठाऊक नसेल. तरी हे लिहून ठेवतो: अठ्ठावीस भोकं मी, बस्त्यावने, माझ्या हाताने बुजवली. पास्कू मिस्त्रींच्या कामात खोट नव्हती.

कातूला मी हे सांगितलं गेल्या वर्षी. पन्नासच्या वर वर्षं संसार केला, पाच मुलं वाढवली, दोन पुरली, आणि दर वेळी गावात कोणी बापाचं नाव काढलं की ती म्हणायची, "बाबाचे डोळे गेले होते हो, त्यांचा दोष नाही." दर वेळी मी शेजारी बसलेलो. ती अंथरुणाला खिळली, डॉक्टरने घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा मला भीती वाटली की ही तसंच समजून जाईल. तिच्यासाठी सांगितलं म्हणतो मी, पण खरं तर माझ्या छातीवरचा दगड मी तिच्या छातीवर ठेवला. दुपारची वेळ होती, मुलगी कामावर गेलेली. मी सगळं सांगितलं, सूत, राळ, रंग, अंगणातलं बोलणं. ती छताकडे बघत ऐकत होती.

"आई असताना सांगायचं होतंस," ती म्हणाली.

"हिंमत झाली नाही."

"बाबाला कळलं होतं?"

"तेव्हाच. वासावरून."

हे मी सांगायला नको होतं, की सांगायलाच हवं होतं, मला अजून कळत नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, तिने पुसलं नाही. "म्हणजे माझ्यासाठी," एवढं म्हणाली. मग म्हणाली, "पडदा ओढ, ऊन येतंय." मी ओढला.

त्यानंतर ती नऊ दिवस होती. चिडली नाही, रडली नाही, पेज घेतली, औषध घेतलं. कातू मला जन्मभर अरे-तुरे करत आली होती. आमच्या सुना लाजायच्या, पाहुण्यांसमोर तरी नको म्हणायच्या, पण तिला जमलं नाही. शेडमधली जीभ होती ती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या उशाशी बसून सफरचंद कापत होतो. ती म्हणाली, "अहो, जरा पाणी द्या."

मी दाराकडे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. खोलीत आम्ही दोघंच होतो.